आईचा अर्धा तास चालायचा कुठं?

करडई, रविवार रात्री ९:४०

आईच्या फायलीवर डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली एक ओळ लिहिली आहे: रोज ३० मिनिटं चालणे. गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळाल्या. ही शेवटची ओळ कुठं मिळते ते शोधण्यात दीड महिना गेला, म्हणून हा धागा.

गाव मराठवाड्यातलं, जिल्ह्याचं ठिकाण. नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं की पहिल्या दहा प्रतिसादांत कुणाचा नगरसेवक बरा यावरच जुंपेल. आई ६७ वर्षांची. शुगर आठ वर्षांपासून, आणि डावा गुडघा कुरकुरतो. चालायचा कंटाळा असलेली बाई नाही ही. माहेरी विहिरीवरून पाणी आणलंय, सासरी रोज शेतात डबा पोचवलाय. सध्या ती गच्चीवर चालते. बावीस फूट बाय अठरा, मधे पाण्याची टाकी. मुठीत चिंचोके घेते आणि टाकीला एक फेरी झाली की कठड्यावरच्या वाटीत एक टाकते. साठ चिंचोके संपले की खाली येते आणि म्हणते, "घाण्याचा बैल झाले बघ."

आज सकाळी मीच म्हणलं, चल, मंडईपर्यंत पायी जाऊ. आठशे मीटर असेल. सोबत शिवणाची टेप घेतली. आमच्या रस्त्याला फूटपाथ आहे बरं का, नुसता कागदावर नाही. लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक वगैरे. पहिल्याच ठिकाणी कडेची उंची मोजली: १४ इंच. घरी येऊन जिन्याची पायरी मोजली, ती साडेसहा. म्हणजे एका दमात दोन पायऱ्या चढायच्या, धरायला काही नाही. आईनं विजेचा खांब धरला, उजवा पाय वर टाकला, डाव्यावर भार येईना, पाय परत खाली घेतला. "राहू दे गं, खालूनच जाऊ."

मी एकटी वरून चालले, ती खालून. अकरा पावलांवर डीपी. मग उतरा. मग चहावाल्याची भट्टी. मग एका बंगल्याचा गाडी चढवायचा उतार, त्याच्यापुढं बाइकांची रांग, त्याच्यापुढं फुटलेला चेंबर आणि त्यात कुणीतरी भल्या माणसानं खोचलेली लिंबाची फांदी. मंडईपर्यंत मी १७ वेळा चढले-उतरले. सलग चालता आलेला सगळ्यात लांब तुकडा ३१ पावलांचा, तोही बंद पडलेल्या टॉकीजसमोर, कारण तिथं कुणाचं गिऱ्हाईकच नाही.

येताना एका स्कूटीचा आरसा आईच्या कोपराला लागला. पोरगं थांबलं, नाही असं नाही. म्हणालं, "आजी, साइडनं चाला की." साइड म्हणजे कुठली, हे विचारायचं राहून गेलं.

तुमच्याकडं काय परिस्थिती? आणि कुणी काही बदलून घेतलंय का? रडगाणं चालेल, पण मोजून रडा.

हुरडा, रविवार रात्री ९:५८

आमच्याकडं पहाटे पाचला अर्धं गाव बायपासवर चालतं. उसाच्या ट्रॉल्या पण तिथूनच चालतात, मागं लाल दिवा नसलेल्या. हार्ट ॲटॅक टाळायला निघालेली माणसं ट्रॉलीखाली यायची पाळी.

वाहकपुत्र, रविवार रात्री १०:२०

विषय जवळचा आहे. वडील एसटीत वाहक होते, तीस वर्षं. आम्हाला वाटायचं ड्रायव्हरकाकांचा थाट मोठा, बसून काम. पण रिटायर झाल्यावर वडील रोज चार किलोमीटर फिरायचे आणि काका जिना चढताना मधे थांबायचे. एवढ्यावरून सिद्धान्त मांडत नाही, पण तो मांडून झालेला आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास छापला होता. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. चालण्या-हिंडण्याचा आणि हृदयाचा संबंध तिथून नीट तपासला जायला लागला.

पुढची गंमत अशी की, काही वर्षांनी त्यांनीच गणवेशांची मापं काढून बघितली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत मोठ्या, आणि नोकरीला लागतानापासूनच मोठ्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. स्वतःच्याच निष्कर्षात स्वतः खोट शोधणारा माणूस मला फार आवडला.

स्टेथो, सोमवार दुपारी २:१५

करडई, ती ओळ लिहिणाऱ्यांपैकी मीही एक आहे, त्यामुळं आधी कबुली. आम्ही ती ओळ लिहितो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतो. चालणार कुठं, हे मी दहा वर्षांत कुणाला विचारलेलं नाही.

आता कामाचं. ३० मिनिटं एका दमातच व्हायला पाहिजेत असं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, कसेही तुकडे करा. मधुमेहात तर तुकडेच बरे. जेवण झालं की रक्तातली साखर वर चढते. त्या वेळी मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू कामाला लागले की ते साखर ओढून घेतात, आणि काम करणारा स्नायू त्यासाठी इन्सुलिनची वाट बघत बसत नाही. साठीच्या पुढच्या माणसांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला होता, छोटासाच, दहा जणांचा. तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं हे सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकंच उपयोगी पडलं आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर उतरवायला त्याहून सरस ठरलं. आपल्या आज्यांची शतपावली. फक्त शंभर पावलांवर थांबू नका.

दहा हजार पावलांचं भूत डोक्यातून काढा. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं'. विक्रीला बरा दिसणारा आकडा. वयस्कर बायकांवरच्या २०१९ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० वाल्यांपेक्षा ठळक कमी दिसला, आणि ७,५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. आईंची पावलं मोजाच, गच्चीवर ती तेवढी भरत असतील.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरपुडी ठेवा. आणि मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये, गच्चीवर सुद्धा. तळव्याला बधिरपणा आला की काचेचा तुकडा दोन दिवस कळत नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे आले: देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख. एवढ्यांना आपण 'चाला' म्हणायलोय.

बांधावरून, सोमवार संध्याकाळी ७:०५

आमच्याकडं उलटंच. शेतकरी माणूस, म्हणजे चालतच असंल असं तुम्हा शहरवाल्यांना वाटतं. आता शेजारच्या मळ्यात जायचं तरी पोरं किक मारतात. माझा चुलतभाऊ दूध घालायला गाडीवर जातो, अंतर दोनशे पावलं. त्याला पण शुगर निघाली मागच्या वर्षी.

एक विचारतो. आषाढीला आमच्या भागातून गजानन महाराजांची पालखी जाते, परळी-आंबेजोगाईवरून. पैठणहून नाथांची पालखी निघते. म्हातारी माणसं शेकडो किलोमीटर चालतात. त्यांनी कधी फूटपाथ मागितला का? चालायचं मन पाहिजे.

निंबोणी, सोमवार रात्री ८:३०

काका, वारीत मन असतंच, पण गाड्या थांबलेल्या पण असतात. मी पंढरपूरला एकदा गेलेय दिंडीत. पुढं पोलीस, मागं पाण्याचा टँकर, बाजूला सावलीला थांबायला गावोगावची माणसं. रस्ता त्या दिवसापुरता चालणाऱ्यांचा असतो. तोच रस्ता पालखी गेल्यावर दुसऱ्या दिवशी एकट्यानं चालून बघा.

आणि आतापर्यंत कुणी बोललं नाही म्हणून बोलते. बाईनं चालायचं म्हणजे आणखी वेगळं त्रांगडं. रस्त्यावरचे दिवे दुभाजकावर असतात, उजेड पडतो गाड्यांवर, कडेला झाडाखाली अंधार. पानटपरीवरची बाकडी नेमकी तिथं. शिवाय एकटी बाई संध्याकाळी नुसती चालताना दिसली की चार ओळखीचे विचारणार, "कुठं निघालात?" 'फिरायला' हे उत्तर कुणाला पटत नाही. हातात पिशवी असली की मात्र कुणी विचारत नाही. मी गेली तीन वर्षं रिकामी पिशवी घेऊन फिरते. आत फक्त घराची किल्ली.

करडई, सोमवार रात्री ८:४१

निंबोणी, ती पिशवी मी उद्यापासून घेणार.

खडीवाला, मंगळवार सकाळी ११:३०

पंचवीस वर्षं रस्त्यांची कामं केली, त्यामुळं चौदा इंचांचं कारण सांगतो. शिव्या नंतर द्या.

आपल्याकडं फूटपाथ म्हणून वेगळं काही बांधत नाहीत. बांधतात ती नाली. नालीवर झाकण पाहिजे म्हणून स्लॅब, स्लॅब उघडा बरा दिसत नाही म्हणून वर ब्लॉक. त्यामुळं फूटपाथची उंची ठरते नालीच्या हिशोबानं, माणसाच्या गुडघ्याच्या हिशोबानं नाही. दुसरं, बाइका चढू नयेत म्हणून कडा मुद्दाम उंच ठेवतात. बाइक तरी चढतेच, घरमालकाच्या उताराचा फायदा घेऊन. चढत नाही ती म्हातारी.

नियम चांगले आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०३ ही पादचाऱ्यांसाठीचीच पुस्तिका आहे. कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच. चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर. मोकळी म्हणजे डीपी, खांब, झाड, पाटी सोडून उरलेली. बाइक अडवायला कडा वाढवायची नसते, खुंट रोवायचे असतात, तेही व्हीलचेअर जाईल एवढ्या अंतरानं. आणि बंगल्याच्या दारासमोर फूटपाथ खाली आणायचा नाही, तो सपाट तसाच जाऊ द्यायचा आणि गाडीनं चढून उतरायचं. आपण नेमकं उलटं करतो. तुमचे १७ चढ-उतार तिथूनच आले.

रस्ता ओलांडायचं गणित पण ऐका. रस्ता २४ मीटर रुंद धरा. तरणा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, २० सेकंदांत पार. तुमच्या आई ०.८ नं चालत असतील तर ३० सेकंद. तेवढ्यात सिग्नल असलाच तर बदलतो. म्हणून दुभाजकात थांबायला जागा सोडायची असते, अर्धा रस्ता आधी, अर्धा नंतर. आपण तिथं लोखंडी जाळी लावतो, किंवा पादचारी पूल बांधतो. पुलाखालून ट्रक जायला साडेपाच मीटर उंची सोडावी लागते, म्हणजे चाळीसेक पायऱ्या. गाडीवाल्याला ब्रेक दाबावा लागू नये म्हणून कुरकुरत्या गुडघ्यानं चाळीस पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. मग पुलावर कोण दिसतं? प्रेमी युगुलं आणि फ्लेक्स.

दुकानदार_दुसरी_पिढी, मंगळवार दुपारी ३:५०

सगळे एका बाजूनं बोलायलेत म्हणून दुसरी बाजू. आमचं कापडाचं दुकान मेनरोडला. समोरच्या बाइका काढल्या की गिऱ्हाईक गेलं बायपासच्या मोठ्या शोरूमला, तिथं पार्किंग आहे. भाडं, लाइटबिल, नोकर हे फिरायला येणाऱ्यांच्या पावलांवर निघत नाही. आणि हातगाडेवाल्यांना कुणी बोलत नाही, सगळा राग पक्क्या दुकानांवर.

गोलाईकर, मंगळवार संध्याकाळी ६:१०

दादा, राग नाही. पण आठवडी बाजारात गाडी आत नेता येते का? तरी पाय ठेवायला जागा नसते आणि गल्ला भरतो. आमच्या लातूरची गंजगोलाई बघा. मधे देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार, १६ रस्ते येऊन मिळतात, एकेका रस्त्याला एकेक धंदा. निजामाच्या काळातली आखणी, पायी आणि बैलगाडीवर येणाऱ्या माणसासाठी केलेली. लहानपणी आजोबा बोट धरून सगळी गोलाई फिरवायचे आणि घरून ठरवलेल्या दोन वस्तूंऐवजी सहा घेऊन यायचे. गाडीवरचा माणूस एका दुकानासमोर थांबतो, चालणारा दहा दुकानं बघतो.

बाहेरची उदाहरणं पाहिजेत तर पुण्यात लक्ष्मी रोडवर डिसेंबर २०२१ पासून वर्षातला एक दिवस पादचारी दिन करतात. चेन्नईच्या पाँडी बझारचा रस्ता २०१९ मध्ये रुंद फूटपाथांचा केला, तो तर कपड्यांचाच बाजार. हातगाड्यांचं म्हणाल तर २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. शहराची समिती नेमायची, तिच्यात ४० टक्के फेरीवालेच, आणि जागा ठरवून द्यायच्या. भाजीची गाडी असली की त्या कडेला उजेड राहतो, माणूस राहतो. निंबोणीताई सांगतील, टपरीवरच्या टोळक्यापेक्षा भाजीवाली बाई बसलेली बरी.

निंबोणी, मंगळवार संध्याकाळी ६:२२

शंभर टक्के. ओळखीची भाजीवाली म्हणजे माझा सीसीटीव्ही.

गोदाकाठची, मंगळवार रात्री ९:००

नांदेडचं नोंदवून ठेवते, कारण मराठवाड्यात हे जमतच नाही असं कुणी म्हणायला नको. २००८ मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीचा, म्हणजे ग्रंथसाहिबांना गुरुपद मिळाल्याचा, तीनशे वर्षांचा सोहळा होता, लाखो भाविक येणार होते. त्या निमित्तानं केंद्राच्या निधीतून काही मुख्य रस्ते नव्यानं आखले गेले, दिल्लीचे वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्याकडून. चालायला वेगळी जागा, सायकलला वेगळी, झाडांच्या ओळी, बसायला बाकडी, फेरीवाल्यांसाठी सुद्धा जागा धरलेली. रस्त्याची रुंदी तीच, वाटणी वेगळी. मी तेव्हा कॉलेजात होते. पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर कामाशिवाय चाललो ते त्या रस्त्यावर. पुढच्या देखभालीवर बोलायचं तर वेगळा धागा लागंल.

बांधावरून, मंगळवार रात्री ९:३५

झाडांचं निघालं म्हणून. फूटपाथ कितीही करा, एप्रिल-मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसला ब्लॉक तापून भाकरी भाजंल. आमच्या फाट्यापासून गावापर्यंत दोन्ही अंगानं लिंबं होती. रस्ता रुंद झाला, लिंबं गेली, आता तिथं दुभाजकात कण्हेर लावलीय. कण्हेरीखाली कोण बसंल? निंबोणीताईचं वारीचं पटलं मला. आमच्या वेळी रस्त्यावर गाड्याच नव्हत्या, त्यामुळं रस्ता कुणाचा हा प्रश्नच पडला नाही.

हुरडा, बुधवार सकाळी ७:१५

मला वाटायचं गाडीवाले बेशिस्त, एवढंच कारण. खडीवालेसाहेब, वेगाचं काय?

खडीवाला, बुधवार सकाळी १०:०५

वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. तीसला लागलं तर हाड मोडतं, साठला लागलं तर फोटोला हार. मोकळ्या रुंद रस्त्यावर माणूस पाटी वाचून गाडी चालवत नाही, रस्ता सांगेल तशी चालवतो. वळण रुंद गोलाईचं केलं की गाडी न थांबता वळते, कोपरा काटकोनाजवळ आणला की आपोआप दमानं वळते. शाळेसमोरचा झेब्रा पट्टा फूटपाथच्या उंचीला उचलून घेतला तर गतिरोधक आणि पट्टा एकातच होतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. केंद्राचेच आकडे. यातल्या किती जणांना कुणी 'साइडनं चाला' म्हणलं असेल.

करडई, तीन आठवड्यांनंतर, रविवार दुपारी १२:३०

प्रगतीपुस्तक.

अर्ज दिला. अर्जात मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लिहिला: न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठानं म्हणलंय की अडथळे नसलेला, अपंगांना वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. खिडकीवरच्या माणसानं अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध आहे?" म्हणलं, उंचीविरुद्ध. त्यांनी शिक्का मारून पोच दिली. पुढचं अजून काही नाही.

दरम्यान समोरच्या घराचं प्लास्टर चालू होतं. आईनं गवंड्याला चहा दिला, उरलेला माल विचारला आणि खांबाजवळ सात इंचांची पायरी टाकून घेतली. मला शाळेतून आल्यावर कळलं. आता त्या पायरीवर गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या चढतात आणि टॉकीजसमोरच्या ३१ पावलांत येरझाऱ्या घालतात, जेवणानंतर, स्टेथोंनी सांगितलं तसं पंधरा मिनिटं. पायात बूट, नऊवारीवर. चिंचोक्यांची वाटी टॉकीजच्या तिकीटखिडकीत ठेवलेली असते.

खडीवाला, रविवार दुपारी १:१०

सार्वजनिक फूटपाथवर विनापरवाना बांधकाम. मी हे वाचलेलं नाही. पायरी रुंद ठेवली ना? पाऊल पूर्ण मावलं पाहिजे.

करडई, रविवार दुपारी १:१४

फूटभर रुंद आहे. मापासाठी आईनं स्वतःचा बूट ठेवला होता.

दुकानदार_दुसरी_पिढी, रविवार संध्याकाळी ५:४५

इथं भांडून गेल्यावर आठवडाभर दुकानासमोरच्या बाइका मोजल्या. रोज आठ-नऊ. त्यातली एक माझी, एक भावाची, तीन नोकरांची. सकाळी दहाला लागतात, रात्री नऊला निघतात. आमच्या पाच आता मागच्या बोळात लावतो. बाकी मुद्द्यांवर मी अजून भांडणार आहे.

करडई, रविवार संध्याकाळी ६:००

भांडा की. तोवर सगळ्यांना एक काम: आपापल्या दारासमोरची कडा मोजून इथं टाका. पुढच्या अर्जाला यादी जोडते. सहा इंचांवरचं सगळं चालेल.

हुरडा, रविवार संध्याकाळी ६:४०

बसस्टँडसमोर १३ इंच. दवाखान्यासमोर १६. दवाखान्यासमोर!

गोदाकाठची, रविवार रात्री ८:०२

आमच्या गल्लीत फूटपाथच नाही. शून्य लिहू का?

निंबोणी, रविवार रात्री ८:५०

कॉलेज रोड: एक वीत चार बोटं. टेप पिशवीत टाकायची राहिली.